धागा: बजेटात आपली विश्वामित्री कुठल्या पानावर आहे?

काठावरची

नमस्कार मंडळी. खूप दिवस मनात होतं, आज लिहायला बसले.

आमचं घर बडोद्याच्या समा भागात, विश्वामित्री नदीपासून चालत सात-आठ मिनिटांवर. 2024 च्या ऑगस्टमधला पूर बडोद्यातल्या सगळ्यांनाच आठवत असेल. 25 फुटांना धोक्याची पातळी मानतात, आणि पाणी 35 फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही तीन दिवस वरच्या मजल्यावर होतो. जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी, आणि त्या पाण्यावर आमचीच पिठाची कोठी तरंगत होती. झाकण घट्ट लावलेलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सावकाश फिरायची. पाणी उतरल्यावर भिंतीवर तपकिरी रेघ राहिली. रंगकाम केलं तेव्हा एका कोपऱ्यातली रेघ मी रंगाऱ्याला पुसू दिली नाही. फ्रिजच्या मागे वीतभर अजून आहे.

त्यानंतर मी शहराचं अंदाजपत्रक वाचायला घेतलं. मी शाळेत शिकवते, हिशेबाची सवय घरखर्चापुरती. 2025-26 चं अंदाजपत्रक सहा हजार कोटींच्या वर होतं. मला भाबडेपणाने वाटलं होतं, विश्वामित्री असं एक पान असेल आणि तिथे नदीचा सगळा जमाखर्च एकत्र सापडेल. पण नदी तुकड्यातुकड्यांनी सापडते. थोडी पावसाळी नाल्यांत, थोडी ड्रेनेजमध्ये, थोडी पुलांत, रस्त्यांत, बागांत, झोपडपट्टीच्या कामांत. आणि हे तुकडे एकमेकांशी बोलत नाहीत.

उदाहरण घरामागचंच देते. आमच्या सोसायटीच्या मागून एक काँस जाते. (बाहेरच्या वाचकांसाठी: बडोद्यात पावसाचं पाणी नदीकडे नेणाऱ्या उघड्या नाल्याला काँस म्हणतात. भूखी काँस, मासिया काँस ही नावं इथे पोराटोरांना ठाऊक असतात.) दरवर्षी पावसाळ्याआधी ती साफ होते, त्याचे पैसे पडतात. मग काही वर्षांपूर्वी तिच्या एका टप्प्यावर स्लॅब पडला, वरून रस्ता गेला. त्याचेही पैसे पडले. स्लॅबखाली यंत्र जात नाही, त्यामुळे तेवढा भाग आता साफ होत नाही. कोणी केलं, का केलं, त्यात मला जायचं नाही. कागदावर दोन्ही कामं चांगली आहेत. एक स्वच्छतेचं, एक विकासाचं. पाणी मात्र दोन्ही पैशांचं मिळून आमच्या जिन्यात आलं.

मला म्हणायचंय ते एवढंच. प्रत्येक मोठ्या कामापुढे बजेटात तीन रकाने असावेत. पाण्याचं काय होईल, जिवांचं काय होईल, आणि सगळ्यात गरीब माणसाचं काय होईल. चांगलं होणार असेल तर तसं लिहा. वाईट होणार असेल तर तेही लिहा. जगात हे कुठे होतं का? जाणकारांनी सांगावं.

---

जमाखर्च

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी 31 वर्षं लेखा विभागात काढली, शहर दुसरं, पण खाती सगळीकडे सारखीच.

आधी नदी तुकड्यात का सापडते ते सांगतो. अंदाजपत्रक खात्याप्रमाणे बांधलेलं असतं, कामाच्या परिणामाप्रमाणे नाही. प्रत्येक रुपयाला एक शीर्ष, एक खातेप्रमुख. पैसे दिलेल्या कामावरच खर्च झाले का, हे तपासायला ही पद्धत उत्तम आहे. त्या कामाने पुढे काय घडलं, हा प्रश्न तिच्यात बसतच नाही. माझ्या सगळ्या नोकरीत कोणी मला तो विचारला नाही, आणि मीही कोणाला विचारला नाही. आज त्याचं वाईट वाटतं.

आता जगात काय आहे. नॉर्वेतल्या ओस्लो शहराने 2016 मध्ये, म्हणजे 2017 च्या अंदाजपत्रकाबरोबर, हवामान बजेट आणलं. पैशांसारखंच कार्बनचंही बजेट. कुठल्या उपायाने किती उत्सर्जन कमी होणार आणि जबाबदारी कुठल्या खात्याची, हे अंदाजपत्रकातच. मुंबई महापालिकेने 2024 च्या जूनमध्ये आपला पहिला हवामान बजेट अहवाल काढला. त्यात 2024-25 च्या भांडवली खर्चापैकी 10,224 कोटी, जवळपास 32 टक्के, हवामानाशी संबंधित असल्याचं दाखवलं. ओडिशा, आसाम, बिहार या राज्यांनीही अशी पुस्तिका काढायला सुरुवात केलेली आहे.

पण तुमची खरी मागणी यापुढची आहे. 32 टक्के चांगले म्हणून मोजले, ठीक. उरलेल्या 68 टक्क्यांचं काय? त्यातले काही रुपये उलट्या दिशेने ओढत असतील तर ते कुठे दिसतात? इथे फ्रान्सचं उदाहरण बघण्यासारखं आहे. 2021 च्या अर्थसंकल्पाबरोबर त्यांनी हरित बजेट मांडलं आणि त्यात पर्यावरणाला प्रतिकूल खर्चाचाही वर्ग ठेवला, करसवलती धरून. सरकारने स्वतःच्या सहीने 'हा खर्च प्रतिकूल आहे' असं छापणं, हे लेखा विभागात काम केलेल्या माणसाला किती जड वाटतं ते मी सांगू शकत नाही.

आपल्या देशातला अनुभवही आहे. केंद्राच्या अर्थसंकल्पात 2005-06 पासून जेंडर बजेटचं निवेदन असतं. भाग 'अ' मध्ये पूर्णपणे स्त्रियांसाठीच्या योजना, भाग 'ब' मध्ये निदान 30 टक्के वाटा असलेल्या. कल्पना फार चांगली. पण आवास योजनेची अख्खी रक्कम भाग 'अ' मध्ये धरली की आकडा फुगतो आणि स्त्रियांवरचा खर्च वाढला असं वाटू लागतं. घर बाईच्या नावावर असणं मोलाचं आहेच, पण घरात चौघं राहतात. म्हणून ताई, तुमच्या रकान्यांत नुसती खूण नको. एक वाक्य हवं, आणि खाली सही हवी.

---

थेट_बोलतो

मी वडसरकडचा. माझ्या आईला, वय 82, चौघांनी खाटेवर घालून गच्चीवर नेलं. रात्रभर पावसात प्लास्टिक धरून बसलो. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: नदी रुंद करा, खोल करा, काठ बांधून काढा. पैसा जेवढा लागेल तेवढा लावा. मगरी, कासवं, झाडं यांच्यावर माझा राग नाही. पण माणूस आधी. तीन-तीन रकाने भरत बसलात तर फाइल फिरेल, पाऊस येईल आणि पुन्हा आम्ही गच्चीवर.

2019 च्या 31 जुलैला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला. 2024 पुन्हा. असे पाऊस आता येतच राहणार. चर्चेला वेळ कुठे आहे?

---

वडाची_पारंबी

भाऊ, तुमच्या आईंना आधी नमस्कार. तुमची घाई मला कळते, माझी मावशी मुजमहुड्याला राहते.

तरी एक सांगू द्या. माणूस आधी म्हणूनच नदीचे जीव बघायला हवेत. विश्वामित्री पावागढच्या डोंगरातून उतरते, शहरातून वळणं घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळते. ही वळणं आणि दोन्ही बाजूंची कोतरं (मातीच्या घळी) म्हणजे पुराचं पाणी थोडा वेळ थांबायची जागा. कोतरात पाणी शिरलं म्हणजे तुमच्या गल्लीत तेवढं कमी. मगर अंडी घालते ती मातीच्या उतारात, उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि पिल्लं पावसाच्या आसपास बाहेर येतात. ज्या काठाला मगर अंडी घालते तो काठ मऊ आहे, जिवंत आहे, पाणी पिणारा आहे. तोच काठ सिमेंटने बांधला की मगरीची जागा गेली आणि पाण्याचीही गेली. वरच्या वस्तीचं पाणी झपकन पुढे पळतं आणि खालच्या वस्तीत, भाऊ, म्हणजे तुमच्या वडसरकडे, जास्त जोराने पोचतं.

2025 च्या मोजणीत शहरातल्या नदीत 442 मगरी मिळाल्या. इतक्या दाट वस्तीच्या शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या नदीत एवढ्या मगरी असणं ही साधी गोष्ट नाही. 2024 च्या पुरात तीन दिवसांत वस्तीतून 24 मगरी पकडून हलवाव्या लागल्या. एक मी स्वतः पाहिली, फत्तेगंजकडच्या एका सोसायटीत, उभ्या केलेल्या स्कूटरच्या दोन चाकांमध्ये अंग घालून निपचित पडलेली. डोळे उघडे, पाठीवर शेवाळ. लोक पहिल्या मजल्यावरून बघत होते, कोणी दगड मारला नाही. एक आजोबा एवढंच म्हणत होते, बिचारीचंही घर बुडालं.

2021 च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने विश्वामित्रीचा निकाल दिला तेव्हा नदीचं पूरक्षेत्र आखा, अतिक्रमणं काढा, नदीचा आराखडा करा असं सांगितलं होतं. म्हणजे काय करायचं ते लिहून ठेवलेलं आहे. ते खर्चाच्या ओळीत उतरलं का, हे ताईंच्या रकान्याने दिसेल. जैवविविधता कायदा 2002 चा आहे, त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता समिती असायला हवी. ती समिती आणि बजेट करणारी माणसं एका टेबलाशी बसली तर दुसरा रकाना तिथल्या तिथे भरता येईल.

---

राजवाडा_इंदूर

मी इंदूरची, माहेर मात्र रावपुऱ्यातलं, म्हणून मध्ये बोलते.

बडोदेकरांना आपलं भाग्य माहीत नाही. आजवा तलावाचं पाणी सयाजीराव महाराजांच्या काळापासून उताराने शहरात येतंय. आमच्या इंदूरला नर्मदेचं पाणी खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, डोंगर चढवून आणावं लागतं. नळ सोडला की विजेचं बिल सुरू. तेच बिल कमी करायला इंदूर महापालिकेने 2023 च्या फेब्रुवारीत थेट लोकांकडून 244 कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामांसाठीचे कर्जरोखे) उभे केले, व्याज 8.25 टक्के. त्या पैशांतून जलूदला 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकेनेही त्यात पैसे गुंतवले. आपल्या नळाच्या पाण्याचे रोखे आपल्याच कपाटात, याचं तिला फार कौतुक.

मला हे काम मनापासून आवडतं, कारण त्यात पैसा आणि हवामान एकाच दिशेने ओढतात. वीज वाचली की बिल वाचतं. पण नदी, तलाव, पक्षी यांच्या कामात असं बिल वाचत नाही. आमच्याकडे सिरपूर आणि यशवंत सागर 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले. तलावाचं पाणी निरोगी राहिलं तर कोणाचं बिल किती कमी होतं, हे कोण मांडणार? म्हणून हवामानाच्या नावाखाली पैसे सौर पॅनेलांना सहज मिळतात, तळ्याला मिळत नाहीत. बडोद्याच्या तक्त्यात 'जीव' हा रकाना वेगळाच ठेवा, हवामानात विरघळू देऊ नका.

---

शिकाऊ_इंजिनियर

बडोद्यानेही 2024 मध्ये ग्रीन बाँड काढला होता ना? तो याच कामाचा का?

---

जमाखर्च

हो. 2022 मध्ये 100 कोटींचे साधे रोखे, व्याज 7.15 टक्के. मग 2024 च्या मार्चमध्ये 100 कोटींचे हरित रोखे, व्याज 7.90 टक्के, सांडपाणी शुद्धीकरणाच्या कामांसाठी. चांगलं काम आहे. शुद्ध न झालेलं मैलापाणी नदीत जाणं थांबावं यासाठीच ते.

दोन गोष्टी ध्यानात ठेव बाळा. एक, रोखे म्हणजे कर्ज. 100 कोटींवर 7.90 टक्क्यांनी वर्षाला 7 कोटी 90 लाख व्याज, ते नियमित महसुलातून, म्हणजे आपल्या वेऱ्यातून, घरपट्टीसारख्या करातून, जाणार. दुसरी, हरित रोख्याच्या पैशाला सेबीच्या, म्हणजे रोखेबाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमाने पायवाट असते. पैसा कुठे लागला ते जाहीर करावं लागतं, बाहेरच्या तज्ज्ञाचा अभिप्राय घ्यावा लागतो. म्हणजे 100 कोटींना शिस्त आहे. उरलेल्या हजारो कोटींनाही तीच लावावी, असं ताई मागतायत. मला तरी यात अवघड काही दिसत नाही.

---

घाटपायरी

मी नदीकाठच्या एका वस्तीत संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते, बारा वर्षं झाली. वस्तीचं नाव लिहीत नाही. वरच्या सगळ्या चर्चेत तिसऱ्या रकान्यावर कोणी थांबलं नाही, म्हणून लिहिते.

2024 च्या पुरानंतर सरकारची मदत आली. लारीवाल्याला (हातगाडीवाल्याला) 5,000 रुपये, छोट्या केबिनला 20,000, पक्क्या दुकानाला त्याहून जास्त, आणि मोठ्या धंद्याला कर्जाच्या व्याजात सूट. ज्याचं जेवढं मोठं तेवढी मदत मोठी. हिशेबाने बरोबर असेल. पण माझ्या एका विद्यार्थिनीची आई भाजीची लारी लावते. तिची लारी गेली, काटा गेला, ताडपत्री गेली, आणि पुढचे पंधरा दिवस बाजारच भरला नाही. तिने पाच हजारात आधी उधारी फेडली. लारी तिने भाड्याने घेतली आणि पुढे कित्येक महिने रोजचं भाडं भरत राहिली. हे भाडं कुठल्याच नुकसानीच्या यादीत नाही.

हवामानाच्या चांगल्या योजनासुद्धा तिच्यापर्यंत येईपर्यंत वळतात. पीएम सूर्यघर या छतावरच्या सौर विजेच्या सरकारी योजनेत घरावर तीन किलोवॅट बसवलं तर 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. माझ्या भावाने बसवलं, बिल जवळजवळ शून्यावर आलं, मला आनंदच आहे. पण ज्याला स्वतःची गच्ची आहे त्यालाच ते मिळतं. वस्तीत छपराला पत्रा आहे आणि खोली भाड्याची. वर्षाचा वेरा आगाऊ भरला की सवलत मिळते, तीही ज्याच्या हातात एकदम पैसे असतात त्याला. मी कोणाला दोष देत नाही. पण चार सवलती मांडून बघितल्या तर सगळ्या एकाच बाजूला कलतात.

आणि नदी रुंद करायची म्हणजे आधी कोण हलणार? काठावरचे बंगले की पत्र्याच्या खोल्या? अतिक्रमण म्हटलं की बोट आधी पत्र्याकडे जातं. ज्यांना हलवतात त्यांना घर मिळतं, चौथ्या मजल्यावर, शहराच्या टोकाला. ज्या बाया चार घरची भांडी घासायला चालत जायच्या, त्यांना आता जाऊन-येऊन रिक्षा पडते. एका घराचा पगार रिक्षात जातो. पुनर्वसनाच्या ओळीत घराचा खर्च लिहिलेला असतो. ही रिक्षा लिहिलेली नसते. पारंबी, तुमच्या मगरींची मोजणी होते, छान आहे, माझ्या वस्तीतल्या कामाला जाणाऱ्या बायांची कोणी मोजणी करेल का?

---

वडाची_पारंबी

घाटपायरी ताई, बरोबर बोललात. मी नदीबद्दल दहा वर्षं बोलतोय आणि हे एकदाही माझ्या तोंडून आलं नाही. काठ मोकळा करा म्हणताना आपण कोणाचा काठ मोकळा करतोय, हे मी विचारलं नव्हतं.

---

थेट_बोलतो

पारंबी, वरच्या भागात बांधलं की पाणी खालच्या वस्तीत जोराने येतं हे तुम्ही लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं. आमच्याकडे म्हातारी माणसंही तेच म्हणतात, की पूर्वी पाणी हळू चढायचं आणि हळू उतरायचं. आता दोन तासांत चढतं. 2025 च्या पावसाळ्याआधी शहरातल्या पट्ट्यात गाळ काढला, काठ रुंद केले, ते काम व्हायलाच हवं होतं असं माझं अजूनही म्हणणं आहे. पण पैसे फक्त शहरात ओतून चालणार नाही, वर आजवा-प्रतापपुऱ्याकडे पाणी धरून ठेवायला लागतील, हे मान्य.

फाइल फिरण्याची भीती मात्र माझी तशीच आहे. रकाने कोण भरणार, किती दिवसांत भरणार?

---

जमाखर्च

रास्त प्रश्न आहे. माझ्या अनुभवाने सांगतो. सगळ्या कामांना रकाने लावायला गेलात तर काहीच होणार नाही. ठरावीक रकमेच्या वरच्या भांडवली कामांनाच लावा, आणि नदी, काँस, तलाव यांच्या हद्दीत येणारं काम लहान असलं तरी लावा. तांत्रिक मंजुरीच्या वेळी जो इंजिनियर अंदाजपत्रक बनवतो त्यानेच तीन वाक्यं लिहायची. वेगळी फाइल नको, त्याच कागदाच्या मागच्या बाजूला. अर्ध्या दिवसाचं काम आहे. तुमची काँस स्लॅबखाली जाणार असेल तर त्याच माणसाला लिहावं लागेल: 'या कामानंतर अमुक मीटर टप्प्यात यंत्राने सफाई होणार नाही.' हे वाक्य लिहिताना त्याचा हात थांबेल. थांबला की तो नकाशा बदलेल, स्लॅबमध्ये उघडझाप होणारी झाकणं ठेवेल. त्या अर्ध्या दिवसाने पुढचे तीन पूर टळू शकतात.

आणखी एक. पूरग्रस्तांच्या मदतीवर, पंपांवर, गाळ उपसण्यावर, रस्ते पुन्हा करण्यावर झालेला खर्च वर्षाच्या शेवटी एका जागी बेरीज करून छापा. सध्या तोही चार खात्यांत विखुरलेला असतो. न केलेल्या कामाची किंमत त्या बेरजेतून दिसते.

---

राजवाडा_इंदूर

2022 च्या डिसेंबरमध्ये माँट्रियलला जैवविविधतेचा जागतिक करार झाला, त्यातही हेच आहे. निसर्गाला अपाय करणारी अनुदानं 2025 पर्यंत ओळखा आणि 2030 पर्यंत वर्षाला निदान 500 अब्ज डॉलरने कमी करा, असं त्याचं अठरावं उद्दिष्ट. देशादेशांनी मान्य केलेली गोष्ट आपण एका काँसेसाठी मागतोय, तर संकोच कशाचा?

---

काठावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस वाचत होते. काल रात्री बसून एक कच्चा तक्ता केला, आमच्याच काँसेचा, शाळेच्या वहीत. काम: काँसेवर स्लॅब व रस्ता.

पाणी: पावसाळ्यात वाहण्याची जागा अरुंद होईल, सफाई बंद पडेल, वरच्या तीन सोसायट्यांत पाणी तुंबेल.

जीव: काँसेच्या कडेला दोन जुने वड. एक कापावा लागेल. (ज्या गावाचं नावच वडावरून पडलं त्या गावात हे लिहिताना मला बरं वाटलं नाही.) उन्हाळ्यात काँसेतल्या डबक्यांत कासवं दिसतात, ती दिसणार नाहीत.

सगळ्यात गरीब माणूस: इथे मी अडले. रस्ता झाल्याने कोणाला फायदा झाला? चारचाकी असलेल्यांना. काँसेच्या तोंडाशी दहा-बारा खोल्या आहेत, तिथे आता पाणी आधी शिरतं. त्या खोल्यांतल्या एका बाईंकडे मी गेले. त्या आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या आजी. त्यांना विचारलं, या रस्त्याबद्दल तुमचं काय म्हणणं. त्या म्हणाल्या, रस्ता चांगला आहे, रात्री दिवे असतात, भीती वाटत नाही. म्हणजे तिसऱ्या रकान्यात दिवेही यायला हवेत. मी घरी बसून ते कधीच लिहिलं नसतं.

---

घाटपायरी

ताई, हे फार महत्त्वाचं केलंत. तिसरा रकाना कचेरीत बसून भरू नये, तिथे जाऊन विचारून भरावा. आमच्या वस्तीत मी बायांना घेऊन बसते.

---

शिकाऊ_इंजिनियर

पुण्यात 2006 पासून नागरिक आपल्या प्रभागातली कामं बजेटसाठी सुचवतात ना? माझा आतेभाऊ तिथे असतो, त्याच्या गल्लीतला फूटपाथ असाच झाला. आपण सूचना पाठवू तेव्हा कामं मागण्यापेक्षा हा तक्ता मागूया. मी नकाशावर काँसेचा टप्पा आणि पाण्याची पातळी आखून देतो, आमच्या कॉलेजात त्याचं सॉफ्टवेअर आहे.

---

जमाखर्च

वेळापत्रक सांगतो, ते चुकलं तर वर्ष गेलं. आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा साधारण जानेवारीच्या शेवटाकडे स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात फेरफार करते, मग फेब्रुवारीत सभेत मंजुरी. सभेपर्यंत आकडे पक्के झालेले असतात. सूचना डिसेंबरातच गेली पाहिजे, आणि आपापल्या नगरसेवकांना समक्ष भेटून दिली पाहिजे, नुसती ईमेल नको. पत्र गुजरातीत लिहा, मराठीत इथे कितीही छान लिहिलं तरी तिथे गुजरातीच वाचलं जाईल. दोन पानांच्या वर नको. मी भाषांतर बघून देतो.

आणि एक उदाहरण शेवटी जोडा, गायकवाडीतलं. डभोईजवळचा वढवाणा तलाव संस्थानाने 1910 च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बांधला. आज तिथे हजारो पाहुणे पक्षी येतात आणि 2021 मध्ये तो रामसर यादीत आला. तेव्हाच्या खर्चाच्या ओळीत पक्षी नव्हते. शेतकऱ्याला पाणी मिळालं, पाणी टिकलं, म्हणून पक्षी आले. बडोद्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

---

थेट_बोलतो

वडसरकडून मी येतो. माझ्याकडे 2019 आणि 2024 च्या पाण्याच्या खुणा आमच्या ओट्यावर खिळ्याने कोरून ठेवलेल्या आहेत, तारखेसकट. पाणी किती तासांत चढलं ते आईने कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. शिकाऊ, तुझ्या नकाशाला ते चालेल का?

---

शिकाऊ_इंजिनियर

काका, चालेल काय, तेच हवंय. रविवारी सकाळी टेप घेऊन येतो.

---

काठावरची

माझ्याकडेही या. फ्रिज सरकवायला दोघं लागतील.